नोटांचा कॅटलॉग : पुस्तकातला बरा की मोबाईलमधला?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना दाखवलेल्या नोटा इथे छापता आलेल्या नाहीत.)



वक्त्याने उभं राहिल्याबरोबर मोबाईल बंद करायला सांगायची पद्धत आहे. मी सांगणार नाही. आज मला तुमच्या मोबाईलची गरज पडणार आहे. माझ्या हातात हे जाडजूड पुस्तक आहे, तुमच्या हातात ते यंत्र आहे, आणि या दोघांचं भांडण आज मला तुमच्यासमोर मांडायचं आहे. भांडण नोटांच्या कॅटलॉगचं आहे. सचिवसाहेबांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता, हे मी पाहिलं. त्यांना पाणीपट्टीवर बोलायला हवं होतं.

पण हा विषय काढायचं कारण आपल्याच सोसायटीत घडलं आहे. आपल्यातल्याच एका ताई. नाव सांगणार नाही, त्यांची परवानगी घेऊनच बोलतोय. त्यांच्या देवघराच्या डब्यात पाच रुपयांची एक जुनी नोट होती, मागे ट्रॅक्टर असलेली. मोबाईलवर मेसेज आला की ट्रॅक्टरवाली नोट असेल तर लाखो रुपये मिळतील. ताईंनी फोटो पाठवला. समोरच्याने गोड बोलून सांगितलं की नोट पास झाली, फक्त रजिस्ट्रेशनची फी भरा. मग कर भरा. मग रिझर्व्ह बँकेचं म्हणून एक पत्र आलं, त्यावर शिक्का-सही सगळं, आणि त्याचे पैसे भरा. असं करत करत तेवीस हजार गेले. माझ्याकडे त्या आल्या तेव्हा खात्यात काही उरलं नव्हतं आणि पाच रुपयांची नोट मात्र डब्यात तशीच होती.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आमचा संबंध नाही, आम्ही त्यासाठी कसलीही फी घेत नाही आणि कुणालाही आमच्या वतीने घ्यायचा अधिकार दिलेला नाही. हे वाक्य प्रत्येकाने घरात मोठ्याने वाचून दाखवावं. पण माझा मुद्दा पुढचा आहे. ताईंनी तो मेसेज बघितल्यावर एक कॅटलॉग उघडला असता, कुठलाही, कागदाचा किंवा मोबाईलमधला, तर पाच मिनिटांत कळलं असतं की ट्रॅक्टरची पाचची नोट कितीतरी गव्हर्नरांच्या सहीने, वर्षानुवर्षं, ढिगाने छापली गेली. ती लाखाची कशी असेल? मी चाळीस वर्षांत अशा किती मोजल्या त्याचा हिशेब नाही. बोटं काळी व्हायची.

तर आधी कॅटलॉग म्हणजे काय ते सांगतो. काही लोकांना तो किमतीचा तक्ता वाटतो. तो ओळखपत्रांचा रजिस्टर आहे. समोर आलेली नोट कुठल्या सरकारची किंवा बँकेची, कुठल्या काळातली, सही कुणाची, कागदातली पाण्याची खूण कोणती, नंबराच्या पाठीमागे बारीक इंग्रजी अक्षर आहे का आणि कोणतं, हे सगळं जुळवून त्या नोटेला एक नंबर दिलेला असतो. जगभर यातला सगळ्यात प्रसिद्ध नंबर म्हणजे ‘पिक नंबर’. अल्बर्ट पिक नावाचे जर्मन संग्राहक होते, त्यांनी जगातल्या कागदी चलनाची यादी केली, आणि अमेरिकेतल्या क्राउझ प्रकाशनाने 1970 च्या दशकापासून ती ‘स्टँडर्ड कॅटलॉग ऑफ वर्ल्ड पेपर मनी’ म्हणून छापली. आज दोन अनोळखी माणसं, एक धाराशिवचा आणि एक ब्राझीलचा, एकमेकांना नुसता पिक नंबर सांगून एकाच नोटेबद्दल बोलू शकतात.

एक गंमत करू. खिशात शंभराची, दोनशेची, कुठलीही नोट असेल तर काढा. मागच्या बाजूला भाषांची उभी पट्टी आहे. वरून मोजा. आसामी, बंगाली, गुजराती, कन्नड, काश्मिरी, कोकणी, मल्याळम, आणि आठवी ओळ आपली. सहावी पण देवनागरीच आहे, पण ती कोकणी, म्हणून गफलत होते. कितीजणांनी आजवर ही ओळ वाचली होती? बघा, हात तीनच वर आले. नोट आपण हजार वेळा हाताळतो आणि एकदाही वाचत नाही. कॅटलॉग वाचायला लावतो.

दुसरं उदाहरण. 1953 च्या सुमाराला नोटांवर हिंदी ठळक आली तेव्हा ‘रुपया’चं अनेकवचन काय करायचं यावर वाद झाला आणि ‘रुपये’वर तो मिटला. म्हणून ‘दो रुपया’ असं लिहिलेली नोट वेगळी आणि ‘दो रुपये’ लिहिलेली वेगळी. एका मात्रेचा फरक. आपल्याला वाटेल, एवढ्याने काय होतं? पण एका मात्रेवर देशातले भाषातज्ज्ञ एकदा भांडले होते आणि त्याचा पुरावा कुणाच्या तरी पेटीत पडलेला आहे.

आणि एक सही दाखवतो. ही चिंतामणराव देशमुखांची. रायगड जिल्ह्यातला, महाडजवळच्या गावात जन्मलेला मराठी माणूस, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर. 1943 ते 1949. नोटेवर चित्र इंग्लंडच्या राजाचं आणि सही देशमुखांची! ही नोट पहिल्यांदा हातात आली त्या दिवशी मी जेवलो नव्हतो.

आता माझं पुस्तक. मी बँकेत कॅशियर म्हणून लागलो 1981 साली. काउंटरवर बसून नोटा बघायचा छंद लागला. पण ओळखायच्या कशा? इथे, तेव्हाच्या उस्मानाबादेत, कुणाला काही माहीत नव्हतं. एका मुंबईच्या नातेवाइकाने फोर्टमधल्या पदपथावरून मला हा क्राउझचा जुना अंक आणून दिला. सेकंड हँड. किती दिले ते घरात सांगितलं नाही, आजही सांगणार नाही, ही समोर बसली आहे. हजारावर पानं. किमती डॉलरमध्ये. चित्रं काळी-पांढरी, काडेपेटीएवढी. तरी माझ्यासाठी ते पुस्तक म्हणजे धर्मग्रंथ झालं. त्यात जे आहे ते आहे, नाही ते नाही.

इथेच माझी चूक झाली. ती सांगण्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

आपला जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. ज्या मीर उस्मान अली खानाच्या नावावरून गावाला उस्मानाबाद नाव पडलं, त्याच्याच नावाचं चलन इथे चालायचं, ‘उस्मानिया सिक्का’. लोक म्हणायचे ‘हाली’. आणि इंग्रजांचा रुपया म्हणजे ‘कलदार’. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा हिशेब. सोलापूरला बाजाराला जाणाऱ्या माणसाला सीमेवर हे गणित तोंडपाठ लागायचं. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा 1918 मध्ये कायदा करून निजामाने कागदी नोटा काढल्या. आधी दहा आणि शंभरच्या, 1919 मध्ये एक आणि पाचच्या, 1926 मध्ये हजाराची. नाशिकरोडला 1928 मध्ये नोटांचा छापखाना सुरू झाल्यावर या नोटाही तिथेच छापल्या जाऊ लागल्या. म्हणजे निजामाची नोट नाशिकची! या नोटांवर उर्दू होतीच, पण तेलुगू, कन्नड आणि आपली मराठीही होती, कारण राज्यात या सगळ्या भाषांचे लोक होते. काही नोटांवर फसली साल सापडतं. ते आपल्याला नवीन नाही, जमिनीच्या जुन्या कागदांवर असतंच. त्यात 590 मिळवले की साधारण इसवी सन येतं.

पोलीस ॲक्शननंतर, पन्नासच्या दशकात, हाली चलन टप्प्याटप्प्याने बंद झालं. ज्यांना बदलून घ्यायचं कळलं त्यांनी घेतलं. खेड्यातल्या म्हाताऱ्यांना कुठलं कळायला?

1997 ची गोष्ट. तुळजापूर तालुक्यातल्या एका गावचा माझा मित्र, आम्ही बोर्डिंगात एका ताटात जेवलेले. तो बँकेत आला आणि धोतराच्या सोग्यातून एक घडी काढली. पाच रुपये हाली. त्याच्या आजीने उतरंडीतल्या खालच्या गाडग्यात ठेवली होती, रझाकारांच्या धामधुमीत. आजी वारल्यावर उतरंड हलवली तेव्हा सापडली. मित्र म्हणाला, “तू नोटांतला माणूस. बघ बरं, हिचं काय?”

मी संध्याकाळी त्याला घरी आणलं, पुस्तक काढलं. भारताचं प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. राणीची नोट, राजांच्या नोटा, रिझर्व्ह बँक, एक रुपया सगळं. हैदराबाद नाही. पुन्हा बघितलं. नाही. आणि मी, बँकेतला माणूस, चष्मा काढून त्याला म्हणालो, “नाही रे यात. कॅटलॉगात नाही म्हणजे हिला काही किंमत नसणार.”

त्याच वर्षी त्याच्याकडे पोरीचं लग्न होतं. जुनी तांब्याची भांडी मोडीत काढायला एकजण दारावर आला, त्याने नोटही घेतली. चाळीस रुपये दिले.

तीन-चार वर्षांनी मला कळलं की क्राउझचा कॅटलॉग एका खंडाचा नाही. माझ्याकडे होता तो सर्वसाधारण नोटांचा खंड. संस्थानं, खासगी बँका, प्रांतिक नोटा यांचा ‘स्पेशलाइज्ड’ म्हणून वेगळा खंड आहे आणि त्यातल्या नंबरांच्या आधी ‘एस’ अक्षर लागतं. हैदराबाद त्यात आहे. नुसतं आहे असं नाही, सहीनुसार वेगळं वेगळं आहे. त्या सह्यांत गुलाम मोहम्मद आहेत, झाहिद हुसैन आहेत. दोघेही निजामाच्या राज्याचे अर्थमंत्री होते. फाळणीनंतर एक पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि दुसरे पाकिस्तानच्या स्टेट बँकेचे पहिले गव्हर्नर. माझ्या मित्राच्या आजीच्या गाडग्यात यातल्या कुणाची सही होती, हे मी बघितलंच नाही. पुस्तकात नाही म्हटल्यावर सही कशाला बघायची?

मित्राला मी हे जाऊन सांगितलं. न सांगता राहता आलं असतं, पण नाही राहवलं. तो हसला. म्हणाला, “बँकेतल्या माणसाला इचारलं व्हतं. त्याच्या वर आता कुणाला इचारायचं?” आता तो नाही. नोट लाखाची नव्हती, हे मी तुम्हाला आत्ताच सांगतो, नाहीतर मागची मंडळी घरी जाऊन उतरंड शोधतील. पण चाळीस रुपयांचीही नव्हती. आणि आजीची होती.

म्हणून छापील कॅटलॉगवर माझा पहिला आक्षेप हा, की तो आपल्या हद्दी सांगत नाही. म्हणजे प्रस्तावनेत सांगतो, बारीक अक्षरात, इंग्रजीत. पण प्रस्तावना कोण वाचतो? आणि गावात एकच खंड असला की तोच जग होतो.

सहा-सात वर्षांपूर्वी पुण्याहून नात आली होती. तिला मी ही गोष्ट सांगत होतो. तिने मोबाईल काढला, माझं बोलणं संपायच्या आत हैदराबादच्या पाच रुपयांच्या नोटा समोर. रंगीत. बोटाने मोठं करून बघता येतात. उर्दू अक्षर न् अक्षर. मी पंचवीस वर्षांत पाहिलं नाही ते तिने तीन मिनिटांत दाखवलं. ‘नुमिस्टा’ नावाचं ठिकाण, तिथे जगभरचे संग्राहक आपापल्या नोटांचे फोटो आणि माहिती भरतात. फुकट. खंड वेगळा नाही, ‘एस’चा डोंगर वेगळा नाही, हैदराबाद टाकलं की हैदराबाद. दुसरं ‘बँकनोट बुक’, ओवेन लिन्झमायर यांचं. ते एकेका देशाचं प्रकरण सुटं विकायला लागले, संगणकावर वाचायचं. ज्याला भारताची गरज त्याने भारताचं घ्यावं, अख्ख्या जगाचं ओझं कशाला?

तेव्हा मला माझ्या पुस्तकाची लाज वाटली. खोटं नाही सांगत.

पण मी कॅशियर माणूस. बंडल दुसऱ्याने मोजलं असलं तरी आपण एकदा मोजायचं, ही सवय. मोबाईलवरच्या एका हाली नोटेची सही मला खटकली. खाली नाव एक दिलेलं, फोटोतली सही वेगळी वाटत होती. आपल्या गावातले एक निवृत्त उर्दू शिक्षक आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी भिंग लावून वाचली आणि म्हणाले, “हे नाव नाही, खाली लिहिलंय ते चुकलंय.” नातीच्या मदतीने आम्ही दुरुस्ती कळवली. काही महिन्यांनी ती तिथे लागली. मला फार आनंद झाला. पुस्तकात मी पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या माझ्याच पुस्तकात राहतात, अजून कुणाला त्याचा उपयोग नाही. इथे धाराशिवच्या एका शिक्षकाचं वाचन सगळ्या जगाला मिळालं.

पण त्याच रात्री विचार आला. दुरुस्ती लागायच्या आधी किती जणांनी ती चूक खरी मानली असेल? आणि पान आता बदललं, तर आधी काय होतं हे उद्या कुणाला दिसणार? पुस्तकातली चूक तिथेच राहते. वीस वर्षांनी सुद्धा पान उघडून तुम्ही म्हणू शकता, इथे चुकलंय. पुस्तकाशी भांडता येतं. मोबाईलचं पान रात्रीतून कपडे बदलतं.

नंबरांचाही घोळ आहे. पिकचा नंबर एक, लिन्झमायरचा दुसरा, नुमिस्टाचा तिसरा. एकच नोट, तीन आधार कार्डं. नवीन मुलगा मला नंबर सांगतो तेव्हा मी आधी विचारतो, कुणाचा नंबर?

किमतीचं म्हणाल तर दोन्हीकडे सारखाच धोका आहे, फक्त धोक्याचा रंग वेगळा. पुस्तकातली किंमत छापली त्या दिवशीच शिळी होते. त्यातही तीन रकाने असतात, नोटेच्या अवस्थेप्रमाणे. आपले लोक काय करतात? हातात घडी पडलेली, कोपरा उडालेली नोट, आणि बघतात शेवटचा रकाना, कोऱ्या करकरीत नोटेचा. मोबाईलवर उलटं. तिथे कुणीही विक्रीला लावलेली नोट दिसते आणि मागितलेली किंमत दिसते. मागितलेली आणि मिळालेली यात फरक आहे हो! बैलबाजारात मालक सांगतो त्या किमतीला बैल विकला जातो का? मिळालेली किंमत बघायची असेल तर लिलावांचे निकाल बघा. मुंबई, बंगळूरु, अहमदाबादच्या लिलाववाल्यांचे कॅटलॉग आता मोबाईलवर मिळतात, नोट कितीला गेली तेही बऱ्याच वेळा लिहिलेलं असतं. हा मोबाईलचा मोठा फायदा. पूर्वी हे कॅटलॉग टपालाने यायचे, तेही लिलाव उलटून गेल्यावर.

आणि कागद टिकतो, यंत्र बदलतं, हे विसरू नका. माझ्याकडच्या एका कॅटलॉगबरोबर सीडी आली होती. तेव्हा वाटलं, वा, आता पुस्तक गेलं. आज ती सीडी घालायला घरात यंत्र नाही. चहाचा कप ठेवायला वापरतो. पुस्तक मात्र तसंच आहे, बाइंडिंग एकदा केलं. पण पुस्तक टिकलं तरी पुस्तक काढणारा टिकेलच असं नाही. क्राउझ ज्या अमेरिकन कंपनीच्या हातात होतं ती 2019 मध्ये दिवाळखोरीत गेली. आपल्या भारतापुरतं मात्र चांगलं छापील पुस्तक आहे, किशोर झुनझुनवाला आणि रेझवान रझाक यांचं, 2012 ची आवृत्ती. रझाकसाहेबांनी पुढे बंगळूरुला भारतीय कागदी चलनाचं संग्रहालयच उघडलं. कुणी त्या बाजूला गेलं तर बघून या.

कुणी म्हणेल, गावात एवढ्याशा छंदासाठी कशाला ही मगजमारी? त्यांना मी तेरला जायला सांगतो. रामलिंगप्पा लामतुरे. तेरचाच माणूस. मातीतून निघालेल्या वस्तू, नाणी, मूर्ती गोळा करत राहिला. आज त्यांच्या नावाने तिथे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. जुनं तगर जगाला दाखवायचं तर त्यांच्या संग्रहाशिवाय दाखवता येत नाही. त्यांच्यापुढे आम्ही कोण? पण दिशा तीच.

आता थोडं कायद्याचं, कारण परवा एकाने मला घाबरत विचारलं. 2016 मध्ये रद्द झालेल्या पाचशे आणि हजाराच्या नोटा घरात राहिल्या असतील तर 2017 च्या कायद्याने दहापेक्षा जास्त जवळ ठेवता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा नोटासंग्रहासाठी असतील तर पंचवीसपर्यंत. त्याच्या वर असतील तर दंड आहे. म्हणून संग्राहकाने वही ठेवावी. कुठली नोट, कुठून आली, कधी, किती. मोबाईलमध्ये ठेवली तरी चालेल, पण कागदावर एक प्रत असू द्या.

आणि हात जोडून सांगतो, जुनी नोट लॅमिनेट करू नका. चिकटपट्टी लावू नका, इस्त्री फिरवू नका. मागच्या वर्षी एका आजोबांनी कौतुकाने एक रुपयाची नोट आणून दाखवली, प्लॅस्टिकमध्ये कायमची बंद. पाण्याची खूण बघता येईना, कागदाचा स्पर्श कळेना. फोटोचंही तेच आहे. मोबाईलवर नोट मोठी दिसते, पण उजेडासमोर धरता येत नाही. पुस्तकातही धरता येत नाही, हे मान्य. त्यासाठी नोटच हवी. बारीक भोकं असली तर मात्र घाबरू नका. आम्ही बँकवाल्यांनी ती पाडली आहेत. बंडलाला टाचणी, पुढे स्टेपल, ही रीतच होती. 2001 मध्ये रिझर्व्ह बँकेने स्टेपल बंद करायला लावलं, तोवर आम्ही इतिहासाला भोकं पाडत होतो.

तर मग माझं मत काय? विचाराल म्हणून सांगतो. नोट ओळखायची सुरुवात मोबाईलवर करा. तिथे हद्द नाही, रंग आहे, आणि आपल्यासारख्या गावात बसून सगळं दिसतं. माझ्या मित्राला 1997 मध्ये मोबाईल असता तर माझी गरज पडली नसती, आणि बरंच झालं असतं. पण ओळख पटली असं वाटलं की पुस्तकात पडताळा. जुळलं नाही तर दोन्हीवर विश्वास न ठेवता एखाद्या जाणत्याला गाठा. आणि त्यानेही “पुस्तकात नाही” असं म्हटलं तर त्याला विचारा, “कुठल्या पुस्तकात? कितव्या खंडात?” हा प्रश्न माझ्या मित्राने मला विचारायला हवा होता. त्याने विचारला नाही, कारण त्याचा माझ्यावर विश्वास होता.

संचालक मंडळ समोर बसलंय म्हणून एक मागणी करतो. सोसायटीच्या वाचनालयाच्या कपाटात भारतीय नोटांचं एक चांगलं छापील पुस्तक घ्यावं. सिंकिंग फंडातून नको म्हणतो, खजिनदार आत्ताच सावरून बसले. वर्गणीतून घेऊ, पहिले पाचशे माझे. रविवारी सकाळी दहा ते बारा मी तिथे बसेन. ज्यांच्या घरी आजी-आजोबांच्या ट्रंकेत हाली नोटा, निजामाची नाणी असतील त्यांनी घेऊन यावं. विकायला नाही, दाखवायला. मुलं मोबाईल आणतील, मी पुस्तक उघडेन. उर्दू वाचायला ते गुरुजी येतो म्हणाले आहेत. आणि ज्या आजींनी सात हालीचे सहा कलदार स्वतः मोजलेत, त्यांनी नोट नसली तरी यावं. त्यांना काय आठवतं ते आम्ही लिहून घेऊ. ते कुठल्याच कॅटलॉगात नाही, ना कागदाच्या, ना मोबाईलच्या.

ट्रॅक्टरवाल्या ताईंनी पहिल्या रविवारी यायचं कबूल केलंय. ती पाचची नोट त्या घेऊन येणार आहेत. सही कुणाची आहे ते त्यांना स्वतः शोधायचं आहे.

एक सांगायचं राहिलं. 1997 मध्ये मित्राची नोट मी पुस्तकात शोधली, सापडली नाही, सही बघितली नाही. पण कॅशियरची सवय म्हणून तिचा नंबर मी वहीत टिपून ठेवला होता. ही ती वही. तारीख आहे, मित्राचं नाव आहे, “पाच रु. हाली, कॅटलॉगात नाही” असं माझ्याच अक्षरात आहे आणि शेजारी नोटेचा नंबर. आता लिलावांचे कॅटलॉग मोबाईलवर येतात, त्यात नोटेचा फोटो असतो, फोटोत नंबर वाचता येतो. नात पुण्याहून बघते, मी इथून बघतो. हाली पाच रुपये कुठे दिसली की आधी नंबर मोठा करून बघतो. अजून ती सापडलेली नाही. पुढचा लिलाव याच महिन्यात आहे.